अर्धलीची मेंढरं

खटकचिंचोळी, ता. भालकी
२८ एप्रिल २०२५

अप्पा, शरणार्थ.

फोन करून उपयोग नाही म्हणून कागद घेतला. मागच्या रविवारी मी चार वेळा विचारलं, "एडका कसा आहे?" आणि चारही वेळा तुम्ही म्हणालात, "व्हय, ऊन लई हाय." शेजारी शिवराज हसत होता, ते मला ऐकू आलं. तुमच्या कानांना आता पत्रच बरं. पोचायला पाच-सहा दिवस लागले तरी चालतील, पण उत्तर विचारलं त्याचंच येईल.

एडका लंगडतो असं तुमच्या सुनेच्या, महादेवीच्या बोलण्यात आलं. खूर सडलाय का? मेंढ्या माजावर यायला दीड महिना उरला. एकोणीस मेंढ्या आणि एडका एकच, म्हणून जिवाला चैन नाही.

माझं म्हणाल तर लग्नात तुम्ही दिलेल्या पाच मेंढ्यांच्या आता चौदा झाल्यात. सगळ्या काळ्या. गेल्याच्या गेल्या वर्षी हिवाळ्यात तिप्पण्णा कुरुबर आमच्या शेतात खतासाठी कळप बसवायला आला होता, त्याच्या एडक्यापासून झालेला नर मी ठेवलाय. आता दोन दात आले, दोनदाती झाला. पाठ सरळ, लोकर दाट, डोकं तुमच्या कळपाचं. आमचे हे म्हणतात, "तुझ्या माहेरची ऐट हाय त्याच्यात, आपल्या दुकानातसुद्धा बोलावल्याशिवाय येत न्हाई."

तुमची
नेत्रावती


सावळवाडी, ता. आळंद
५ मे २०२५

नेत्रा, आशीर्वाद.

एडका लंगडतो, होईल बरा. काळजीचं काही नाही.

काळजीचं आहे ते दुसरंच. तुझा भाऊ शिवराज दिवसभर मोबाइलवर उंच तांबडे एडके बघतो. वासराएवढे उंच, अंगावर लोकर नाही, कान लोंबते. "अप्पा, सा महिन्यात कसाब दारात येऊन घेऊन जातो," म्हणतो. मी म्हटलं, आपल्या घरात चार पिढ्या मटण शिजलं नाही. आपण मेंढरं राखली ती लोकरीसाठी आणि लेंडीखतासाठी. खोटं वाटत असेल तर आपल्या वावरातलं मूठभर ढेकूळ फोडून बघ आणि शेजारच्या ईरण्णाचं बघ. दुष्काळात काळी मेंढी कापसाची पळाटी चघळून पोट भरते आणि दिवसाला पाच कोस चालते. तो तांबडा पंख्याखाली उभा करावा लागेल.

त्यावर तो म्हणाला, "लोकर कोण घ्यायलंय आता? कातरणारा तरी मिळायलाय का?" मी उठून मेंढरांच्या वाडग्यात गेलो.

तुझ्या आईच्या हातची घोंगडी अजून अंगावर घेतो. बारा वर्षं झाली, पाणी आत शिरत नाही.

धोंडप्पा


खटकचिंचोळी
१२ मे २०२५

अप्पा, शरणार्थ.

एडका लंगडत नाही. एडका मेला. पाडव्यानंतर आठ दिवसांनी मेला आणि तुम्ही त्याला बांधावरच्या बाभळीखाली पुरलंत. महादेवीनं काल सांगितलं, तेही मी शपथ घातल्यावर. महिनाभर मी मेलेल्या एडक्याच्या खुराची चौकशी करत होते.

लपवलंत का, ते विचारणार नाही. पुढचं बघू. माझा दोनदाती एडका तुमच्यासाठी तयार आहे. आई तुमच्या कळपातली, बाप तिप्पण्णाकडचा, म्हणजे निम्मं रक्त नवं. यापेक्षा चांगला तुम्हाला तीन तालुक्यांत मिळायचा नाही. यांच्या ओळखीची पिकअप आहे, सकाळी निघाली तर दुपारी आळंदला पोचते. फक्त हो म्हणा.

अप्पा, मृगाच्या तोंडावर मेंढ्या माजावर येतील. ईरण्णानं तांबडा एडका आणलाय, असंही महादेवी म्हणाली. तो माळावर मोकळाच फिरतो. वाट बघत बसायला वेळ नाही.

नेत्रावती


सावळवाडी
१९ मे २०२५

नेत्रा, आशीर्वाद.

लपवलं, कारण दोष माझा होता.

ज्वारीची रास घरात आली होती. पोती ओट्यावर, दोन पोत्यांची तोंडं उघडी. मला शेजारच्या गावात भाषणाला बोलावलं होतं. विषय होता, आपल्या मातीची जनावरं आपणच का सांभाळली पाहिजेत. न्यायला जीप आली, मी वाडग्याचं दार नुसतं लोटलं आणि जीपमध्ये बसलो. तिथं तासभर बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परत आलो तेव्हा एडका ओट्याजवळ पडला होता, पोट नगाऱ्यासारखं, तोंडाला ज्वारी. मी त्याच्या पोटावर दोन तास हात फिरवला. त्यानंतर मी कुठं बोललो नाही.

आता तुझ्या एडक्याबद्दल. तो मला चालणार नाही. लेकीच्या घरचं घ्यायचं नाही, ही आपल्या घरची रीत आहे. माझ्या बापानं पाळली, मी पाळतो. वीस वर्षांत तुझ्या घरी पाणी प्यालो नाही, ते तुझ्यावर राग म्हणून नव्हे. दिलेल्या लेकीकडून परत काही घेणं म्हणजे दिलेलं मोजून घेणं. मी हात देण्यासाठी पुढं केला, तो घेण्यासाठी उलटा करणार नाही.

एडका मी शोधतोय. चिटगुप्प्याच्या बाजारात दोनदा गेलो, हुमनाबादला एकदा. काळे दिसले ते खच्ची केलेले, नाहीतर तांबड्याशी मिसळलेले. एक चांगला वाटला, पण पोटाखाली लोकर बाजूला केली तर कातडी पांढरी. मेंढपाळ एडका विकत नाहीत, नराच्या बदल्यात नर देतात. माझ्याकडे बदलीला नर नाही. मी कानाच्या इलाजासाठी दवाखान्यात होतो तेव्हा शिवराजनं सगळे नर काढून टाकले. त्याला वाटलं, खाण्याचा भार कमी केला.

मिळेल. तू जीव टांगणीला लावू नको.

धोंडप्पा


खटकचिंचोळी
२७ मे २०२५

अप्पा, शरणार्थ.

तुमची रीत तुमच्यापाशी. गावात लेकीला मूल झालं की बाप तिच्या घरी जेवतो. माझा मोठा कॉलेजात गेला, तुम्ही अजून ओसरीवर आपल्या बाटलीतलं पाणी पिता आणि निघता. भांडत नाही.

चांगली बातमी आहे. तिप्पण्णा आळंदकडं निघालाय. त्याच्या कळपात एक काळा एडका जास्तीचा आहे. त्याला विचारलं, तर म्हणाला, "धोंडप्पा अण्णाला न्हाई कसं म्हनू? पुढं कवा नर झाला तर बदली द्या." चार मुक्कामांत तुमच्याकडे पोचेल. माझा यात काही संबंध नाही, एडका त्याचा आहे. आता तरी हरकत नसावी.

तोवर मेंढ्या माळावर सोडू नका.

नेत्रावती


सावळवाडी
१४ जून २०२५

नेत्रा,

तिप्पण्णा आठ तारखेला आला. एडका बघून मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. असा काळा, अशी छाती मी दहा वर्षांत बघितली नव्हती. त्याला घेऊन मी उजेडात आलो. डाव्या कानाला तीन खाचा. आपल्या घरची खूण दोन खाचांची. तिसरी ओली होती, तिला हळद लावलेली.

मी विचारलं, "तिप्पण्णा, एडका केवढा?"

"दोनदाती हाय, अण्णा."

"मग खाच कोकरू असताना मारतात, का दात आल्यावर?"

तो म्हणाला, "आमच्यात कवाबी मारत्यात."

"तुझ्या बाकीच्या कळपाला खूण कोणत्या कानाला आहे?"

तो खाली बसला. "अण्णा, मला ह्यात ओढू नका. अक्कानं हात जोडले. मी लेकरागत सांभाळून आनलाय, चार दिवस माझ्या वाटनीचं पानी पाजलंय. ठेवून घ्या. कोन इचारायलंय?"

मी त्याला जेवू घातलं आणि एडका त्याच्याच हवाली केला. परतीला तो तुमच्याकडूनच जाईल. आतापर्यंत पोचला असेल.

बापाला फसवायला तू मुक्या जनावराचा कान कापलास. हे मला लागलं.

मेंढ्या माजावर यायला लागल्यात. मी गोणपाटाचे तुकडे करून प्रत्येकीच्या मागं बांधलेत, पाठीवरून दोन नाड्या. एकोणीसजणींना. सकाळ-संध्याकाळ सोडून, धुऊन, पुन्हा बांधतो. ईरण्णा बांधावरून ओरडतो, "धोंडप्पा अण्णा, मेंढरांना परकर नेसवायलास व्हय? पुढच्या साली साडी-चोळी कर." हसू दे. त्याचा तांबडा रोज वाडग्याच्या कुडाला धडका मारतो.

धोंडप्पा


खटकचिंचोळी
२० जून २०२५

अप्पा,

एडका काल परत आला. पाय सुजलेत. कान कापला त्याची लाज मला आहे, आणि ती मी घेईन. पण आता माझं ऐका. फोनवर मला हे कधी बोलता आलं नसतं.

२०११ च्या श्रावणात तुम्ही मला आळंदला बोलावलंत. धाकटी पोटात होती, सातवा महिना. कचेरीच्या पायरीवर तुम्ही माझ्या हातात पेन दिलंत आणि म्हणालात, "माय, सही कर. वावर शिवराजच्या नावावर होऊ दे. लेकीनं माहेरची चोळी घ्यावी, माती घेऊ नये." मी सही केली. एकदाही वाचलं नाही. सात एकरांतला माझा हक्क मी सोडला, आणि तुम्ही कागद घडी करून खिशात ठेवलात.

तेव्हा तुम्ही लेकीकडून घेतलंत, अप्पा. दिलेला हात त्या दिवशी उलटा झाला होता. लेकीच्या घरचं पाणी चालत नाही, एडका चालत नाही, मग लेकीची सही कशी चालली?

बसवजयंतीला तुम्ही चौकात उभे राहता. बाई आणि पुरुष एकाच मापाचे, असं घसा ताणून सांगता. लहानपणी मी पहिल्या रांगेत बसून ते ऐकलंय, म्हणून आज हे लिहिता येतंय. ते तुम्ही मला शिकवलंत की नुसतं चौकाला?

मला माती नको. कधी मागितली नाही, मागणार नाही. पण रीत पाळायची तर दोन्हीकडून पाळा. आणि मोडायची तर एकदा मोडलेलीच आहे. मग त्या एकोणीस मेंढ्यांनी काय केलंय?

नेत्रावती


खटकचिंचोळी
४ जुलै २०२५

अप्पा, शरणार्थ.

पत्र पोचून दहा दिवस झाले असतील. उत्तर नाही. शिवराज फोन उचलून "बरं हाय समदं" म्हणतो आणि ठेवतो. महादेवीचा फोन बंद लागतो.

मी लिहिलं ते खोटं नव्हतं. पण ते लिहिताना मी तुमचं वय विसरले. जेवताय का, एवढं कुणाकडून तरी कळवा.

नेत्रा


सावळवाडी
७ जुलै २०२५

नेत्राअक्का, नमस्कार.

मी कधी पत्र लिहीत न्हाई. फोन पाण्यात पडला, आणि ह्यांच्या फोनवर बोलले तर हे शेजारीच बसायलेत. म्हणून लिवायले.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी अप्पांनी ते उभ्यानं वाचलं. मग वाडग्यात जाऊन बसले. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "पोट भरलंय." दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आळंदला गेले. का, ते सांगितलं न्हाई. आले, झोपले, ताप चढला. चार दिवस ताप होता. आता उतरलाय, पेज घ्यायलेत.

पण अक्का, त्या चार दिवसांत मेंढरांकडं बघायला कोणी नव्हतं. मी घरात अप्पांजवळ. ह्यांना मी म्हणले, "गोणपाट बांधा तेवढं." हे म्हणाले, "मी माणूस हाय, शिंपी न्हाई." आणि माळावर सोडून आले. ईरण्णाचा तांबडा तिथंच. ह्यांना तेच पाहिजे होतं, खोटं कशाला सांगू.

अप्पा उठले तसे वाडग्यात गेले. सात मेंढरांचे गोणपाट गळून पडले होते. बाराजणींचे होते तसे. ते एकेकीची गाठ बघत होते. ह्यांना एक शब्द बोलले न्हाईत. बोलले असते तर बरं झालं असतं. हे पण आता दोन दिवस झाले नीट जेवत न्हाईत.

तुम्ही काय लिवलं ते मला ठाऊक न्हाई. पण अप्पांनी ते पत्र फाडलं न्हाई. उशीखाली हाय.

तुमची
महादेवी


सावळवाडी
२२ जुलै २०२५

नेत्रा, आशीर्वाद.

उत्तराला महिना लागला. तू लिहिलंस ते खरं आहे. मी घेतलं होतं. घेताना त्याला रीत म्हटलं, म्हणून ते घेणं दिसलं नाही.

मी आळंदला गेलो. कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाला विचारलं, लेकीची सही परत कशी करतात? तो म्हणाला, "आजोबा, ती परत होत न्हाई. पोरानं नव्यानं लिहून दिलं तर गोष्ट येगळी." शिवराजला विचारलं. त्यानं मान खाली घातली आणि "बघू," म्हणाला. तो लिहून देणार नाही. त्याला दोन पोरं आहेत आणि त्याची भीतीही खरी आहे. वावर माझ्या हातात राहिलेलं नाही.

मेंढरं मात्र कुणाच्या कागदावर नाहीत. ती माझी आहेत. म्हणून मी परवा पंचांसमोर वाटणी केली. ज्या सात मेंढ्यांना तांबडा लागला, त्या शिवराजच्या. त्याला तेच हवं होतं. बारा राहिल्या, त्या तुझ्या. हे देणं नव्हे, लेकीची बोळवण नव्हे. वाटणी आहे. पंचांतले गुरुशांतप्पा पाटील म्हणाले, "लेकीला मेंढरांत वाटणी? कुठं ऐकलं न्हाई." मी म्हटलं, मीपण ऐकलं नव्हतं, पत्रात वाचलं.

आता कामाचं ऐक. तुझी बारा मेंढरं तुझ्या सासरी न्यायची म्हटलं तर तुझ्याकडं एवढ्या मेंढरांपुरती चराई नाही. ती इथंच राहतील, आणि मी ती अर्धलीनं राखतो. आपल्या भागात रीत तुला ठाऊक आहे. मेंढरं मालकाची, राबणं राखणाऱ्याचं, कोकरं निम्मी-निम्मी. राखणारा मालकाचं फुकट खात नाही, कष्टाचं कायक करून खातो. आणि अर्धलीत एडका मालकानं पुरवायचा असतो.

मालकिणीनं आपला एडका आपल्या कळपात सोडावा. त्यात राखणाऱ्याला कोण विचारतं? पण लवकर. अर्ध्याअधिक मेंढ्या एकदा माजावर येऊन गेल्या. पुन्हा किती येतील, सांगता येत नाही.

धोंडप्पा


खटकचिंचोळी
२७ जुलै २०२५

अप्पा, शरणार्थ.

पत्र वाचून मी चुलीपुढं बसून राहिले. आमचे हे घाबरले. म्हणाले, "कोण गेलं?"

एडका उद्या पिकअपनं निघतोय, बरोबर हे स्वतः येतायत. एडक्याचे पाय बरे आहेत, भूक चांगली आहे. बरोबर दोन पोती ज्वारी आणि एक घोंगडी आहे. घाईनं परत पाठवू नका. मालकानं एडका पुरवायचा, तशी राखणाऱ्याला सालाची ज्वारी आणि घोंगडी द्यायची, हीसुद्धा अर्धलीची रीत आहे. तुम्ही निम्मीच लिहिलीत. राखणाऱ्यानं ज्वारी नाकारली तर अर्धली मोडते आणि एडका परत येतो.

पोत्यांची तोंडं शिवलेली आहेत.

नेत्रावती


सावळवाडी
९ नोव्हेंबर २०२५

नेत्रा, आशीर्वाद.

ज्वारी चांगली आहे. भाकरी फुटत नाही.

तुझ्या बारापैकी दहा गाभण दिसतात. दोन फिरल्या, रिकाम्या राहिल्या. एक, जिला आम्ही गुंडी म्हणतो, तिचं पोट उरलेल्यांपेक्षा खाली उतरलंय, जुळी असावीत. पण गोणपाटं बांधली तरी मी चार दिवस अंथरुणात होतो. एखादी गाठ सैल होऊन पुन्हा बसली असेल तर मला कळणार नाही. पोटात काळं आहे की तांबडं, हे बाहेरून दिसत नाही. रोज सकाळी मी दहाजणींकडं बघतो आणि रोज वाटतं, आणखी थोडा वेळ असंच राहावं, कळूच नये.

एक तरी नर हवा. नर झाला तर पुढच्या साली तिप्पण्णाशी बदली होईल, नवा काळा एडका येईल. नुसत्या माद्या झाल्या तर त्यांना त्यांच्या बापाकडंच सोडायची वेळ येईल, आणि ते आपण करत नाही.

शिवराजच्या मेंढ्यांची पोटं फार मोठी आहेत. तो खूश आहे. मी नाही. आपल्या मेंढीचा सांगाडा लहान.

धोंडप्पा


सावळवाडी
३ जानेवारी २०२६

नेत्रा, आशीर्वाद.

तुझी तार तुटेपर्यंत फोन येतायत, महादेवी सांगते. मी तिला म्हटलं होतं, काही बोलू नको, नीट ठरल्यावर मीच लिहीन. रागावू नको. जे ठरलं नव्हतं ते तुला कळवून तिकडं तुझी झोप घालवायची नव्हती.

दहापैकी एकीचं आधीच पडलं. दोघींना तांबडी झाली, म्हणजे गाठी सैल झाल्याच होत्या. सहाजणींना काळ्या माद्या झाल्या. सहा, आणि नर एकही नाही. राहिली गुंडी.

गुंडी सोमवारी सकाळी बसली. पहिलं कोकरू मेलेलं आलं. दुसरं आलं ते नर, काळं, ओल्या कोळशासारखं. मी त्याचं तोंड पुसत होतो तोवर गुंडीनं मान टाकली. अंगावरून रक्त जायचं थांबलं नाही. दुपारपर्यंत ती गेली.

नर उभा राहीना. महादेवीनं बाटलीनं दूध पाजलं, ते त्यानं ओकलं. दुसऱ्या मेंढ्यांजवळ नेलं तर त्या वास घेऊन धडक देत होत्या. मंगळवारी सकाळी त्याची मान लोंबायला लागली. मी त्याला घोंगडीत घेऊन बसलो.

त्याच वेळी शिवराजची एक मेंढी, पुढच्या माजाला तांबड्याकडं गेलेली, अडली होती. तांबडं कोकरू, डोकं केवढं मोठं. शिवराजनं कोपरापर्यंत हात घालून ते ओढून काढलं. मेलेलं होतं. सातांपैकी हे तिसरं. मेंढी वाचली, कासेला दूध भरलेलं, आणि ती मेलेल्या पिल्लाला चाटत होती.

शिवराज माझ्याकडं आला. तोंड धुतल्यासारखं ओलं होतं. म्हणाला, "अप्पा, चाकू कुठं हाय?"

मला वाटलं, हा आता मेंढीच कापतो. मी म्हटलं, "कामून?"

"तुम्हीच करायचा न्हाई का पूर्वी. मी लहान असताना बघितलंय."

त्यानं मेलेल्या तांबड्या कोकराची कातडी काढली. मी करायचो, पण आपल्या घरातल्या पोरानं हे काम करावं, असं मी कधी म्हटलं नसतं. त्यानं कातडीला चार भोकं पाडली, आणि माझ्या मांडीवरचं काळं कोकरू उचलून त्याचे पाय त्यातून घातले. सदरा घालतात तसं, पोटाखाली नाड्या बांधून. मग ते मेंढीपुढं ठेवलं. तिनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. आपल्या पिल्लाचाच वास. कासेला तोंड लागलं तेव्हा शिवराज म्हणाला, "पी रे," आणि उठून हात धुवायला गेला.

चार दिवस तुझा काळा नर तांबडी कातडी घालून फिरला. कातडी वाळून कडक झाली, वास मारू लागली, माशा बसू लागल्या. ईरण्णा येऊन बघून गेला, या खेपेला काही बोलला नाही. कातडी ठेवावी तर कोकरू सडेल, काढावी तर मेंढी ओळखेल आणि लाथाडेल. रोज सकाळी शिवराज आणि मी एकमेकांकडं बघायचो, आणि आज नको म्हणायचो.

आज सकाळी त्यानंच काढली. नाड्या कापल्या, कातडी कुडापलीकडं फेकली आणि कोकरू खाली सोडलं. ते काळंभोर, बारीक, मोकळं झाल्यावर दोन उड्या मारून मेंढीकडं धावलं. मेंढीनं मान खाली घातली. हुंगलं. एक पाय आपटला आणि मागं सरकली.

महादेवीनं पदर तोंडावर धरला. मी कुडाला धरून उभा होतो.

कोकरू पुन्हा गेलं. मेंढीनं त्याचं बूड हुंगलं, फार वेळ हुंगलं. मग ती पाय फाकवून उभी राहिली आणि त्याला पिऊ दिलं.

हे कोकरू तुझ्या मेंढीचं, दूध शिवराजच्या मेंढीचं. याची वाटणी कशी करायची, ते शिवराजनं विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. मालकीण तू. येऊन बघ, आणि मग ठरव. शिवराज आता कुडाजवळ बसलाय. पितंय तोवर कुणी आवाज करायचा नाही, असं त्यानं सगळ्यांना सांगितलंय.

धोंडप्पा